भाड्याच्या घराच्या चाव्या: कोणाकडे, किती आणि कशा

भाड्याने दिलेल्या घराची चावी साधारण तिघांकडे असते: भाडेकरूकडे, मालकाकडे आणि मालकाच्या वतीने घर सांभाळणाऱ्याकडे. आंबेगाव तालुक्यातल्या निरगुडसर, अवसरी, पारगाव, मंचर या पट्ट्यात हा तिसरा माणूस महत्त्वाचा ठरतो, कारण इथल्या कितीतरी घरांचे मालक मुंबईत किंवा पुणे-पिंपरीत नोकरी-धंद्याला आहेत. बंद घराला वाळवी लागते आणि ओल धरते, म्हणून ते भाड्याने दिले जाते. साखर कारखान्यातले कर्मचारी, शिक्षक, बँकेत बदलून आलेले लोक आणि अवसरी खुर्द येथे २००९ मध्ये सुरू झालेल्या शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालयाचे विद्यार्थी अशी घरे किंवा खोल्या घेतात. चावी मात्र शेजारच्या काकांकडे, भावकीतल्या पुतण्याकडे किंवा कोपऱ्यावरच्या किराणा दुकानात ठेवलेली असते.

या व्यवस्थेत त्याच त्या शंका पुन्हा पुन्हा निघतात. घर सांभाळणाऱ्याने जादा चावी ठेवावी का? ती वापरून आत जाता येते का? भाडेकरूने स्वतःचे कुलूप लावले तर चालते का? भाडे थकले तर मालकाने वरून कुलूप लावावे का? चावी परत दिली म्हणजे घर सोडले असे धरतात का? या शंकांची उत्तरे घर ताब्यात देण्यापासून परत घेण्यापर्यंतच्या क्रमाने पुढे दिली आहेत.

मालकी एकाची, ताबा दुसऱ्याचा

घर भाड्याने दिले की मालकी मालकाकडे राहते आणि वापर व ताबा भाडेकरूकडे जातो. घर सांभाळणाऱ्याकडे यातले काहीच नसते. तो दोघांच्या विश्वासावर चावी ठेवतो. चावी हातात असणे म्हणजे आत जाण्याची परवानगी नव्हे, एवढे ध्यानात ठेवले तर निम्मे तंटे उद्भवतच नाहीत.

कायद्याचा आधार दोन ठिकाणी मिळतो. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ हा ३१ मार्च २००० पासून अमलात आला, पण तो त्याच्या अनुसूचीत दिलेल्या आणि शासनाने वेळोवेळी अधिसूचित केलेल्या क्षेत्रांना लागू होतो. आपले गाव त्यात येते का, हे करार करण्यापूर्वी वकिलाकडून किंवा घोडेगावला दुय्यम निबंधक कार्यालयात विचारून घ्यावे. जिथे हा अधिनियम लागू नाही, तिथे भाडेपट्ट्याला मालमत्ता हस्तांतरण अधिनियम, १८८२ लागू पडतो. त्याच्या कलम १०८ नुसार मालकाला व त्याच्या माणसाला वाजवी वेळी घराची पाहणी करता येते, आणि भाडेकरूला त्रासाविना घर वापरता येते. राज्याच्या १९९९ च्या अधिनियमातही पाहणीचा हक्क आहे, मात्र वाजवी वेळी आणि आधी सूचना देऊन.

घर सांभाळणाऱ्याला आधी लेखी अधिकार

बहुतेक ठिकाणी फोनवर “चावी तुमच्याकडेच राहू द्या” एवढ्यावर काम भागते. काही बिनसले की हाच माणूस अडचणीत येतो, कारण त्याला कोणते अधिकार दिले होते ते कुठेच लिहिलेले नसते. एका पानाचे अधिकारपत्र पुरते. त्यात या गोष्टी याव्यात:

- घराचा ग्रामपंचायत मिळकत क्रमांक, जो नमुना ८ च्या उताऱ्यावर असतो;
- किती चाव्या सोपवल्या आणि त्या कोणकोणत्या दारांच्या;
- चावी कोणाला द्यायची आणि कोणाला मालकाला विचारल्याशिवाय द्यायची नाही;
- भाडे स्वीकारून पावती देण्याचा, किरकोळ दुरुस्ती करण्याचा अधिकार आहे की नाही, आणि दुरुस्तीचा खर्च किती रकमेपर्यंत;
- तो स्वतः गावाबाहेर गेला तर चाव्या कोणाकडे राहतील.

शेवटचा मुद्दा किरकोळ वाटतो, पण घोळ नेमका तिथेच होतो. काका वारीला जातात, चाव्यांचा जुडगा सुनेकडे देतात, सून माहेरी जाताना तो शेजारी ठेवते, आणि चौथ्या माणसाला कोणती चावी कशाची हेच ठाऊक नसते. घर सांभाळणारा हा मालकाचा प्रतिनिधी असतो. स्वतः करायचे म्हणून पत्करलेले काम त्याने परस्पर दुसऱ्यावर सोपवणे भारतीय करार अधिनियमालाही मान्य नाही. मालकाच्या वतीने भाडेकरारावर सही करायची आणि तो नोंदवायचा असेल तर साधे अधिकारपत्र चालत नाही. त्यासाठी कुलमुखत्यारपत्र लागते.

चावी सर्वांत शेवटी द्यावी

नव्या भाडेकरूला घाई असते. सामानाचा टेम्पो दारात उभा असतो आणि करार “पुढच्या रविवारी” करायचा ठरतो. घर सांभाळणाऱ्याने अशा वेळी ठाम राहावे. आधी लेखी करार, मग अनामत रकमेची पावती, त्यानंतर भाडेकरूची माहिती हद्दीतल्या पोलीस ठाण्यात देणे आणि सर्वांत शेवटी चावी, असा क्रम ठेवावा. भाडेकरूची माहिती देण्याचे आदेश जिल्हा प्रशासन किंवा पोलीस वेळोवेळी काढतात. असा आदेश लागू असताना माहिती न दिल्यास कारवाई होते, आणि ती मालकावर होते.

१९९९ चा अधिनियम लागू असलेल्या भागात करार लेखी आणि नोंदणीकृत असणे बंधनकारक आहे आणि नोंदणीची जबाबदारी मालकाची आहे. नोंदणी नसेल तर वादाच्या वेळी अटींबाबत भाडेकरूचे म्हणणे ग्राह्य धरले जाते. चाव्या किती दिल्या, हरवल्या तर खर्च कोणी करायचा, जादा चावी कोणाकडे राहील, हे सगळे करारातच लिहावे, म्हणजे नंतर शब्दाला शब्द वाढत नाही.

मोजणी आणि नोंदवही

घर ताब्यात देताना प्रत्येक चावी भाडेकरूच्या समोर कुलपात फिरवून पाहावी. गावातल्या घराला फक्त पुढचे दार नसते. मागचे दार, ओट्याचे ग्रिल, जिन्याचा चॅनेल गेट, गच्ची, मोटारीची खोली, मीटरची पेटी, पार्किंगचे फाटक असे सगळे मोजावे. कपाटाच्या चाव्या वेगळ्या. गच्चीची चावी राहून गेली तर टाकी भरून वाहू लागते तेव्हाच ती आठवते.

नोंदवहीसाठी शंभर पानी वही पुरेशी आहे. एका ओळीत एकच व्यवहार लिहावा. उदाहरणार्थ:

*न-३ । पुढचे दार, लॅच । एकूण ३ चाव्या । भाडेकरूला २ दिल्या, १ पाकिटात । १२ जून, सकाळी १० । देणाऱ्याची सही, घेणाऱ्याची सही*

यातला ‘न-३’ हा घराचा खुणेचा क्रमांक आहे आणि पाकिटातली चावी म्हणजे जादा चावी, जिच्याबद्दल पुढे सांगितले आहे. चावीला अडकवलेल्या बिल्ल्यावर एवढाच क्रमांक असावा. मालकाचे नाव, गल्ली किंवा मोबाइल नंबर कधीही लिहू नये. जुडगा मंचरच्या बाजारात पडला आणि त्यावर पत्ता असला, तर सापडलेल्या माणसाच्या हाती घरच जाते. क्रमांक आणि पत्ता यांची जोडी फक्त वहीत असावी, आणि वही चाव्यांच्या पेटीत न ठेवता दुसरीकडे ठेवावी.

सुतार, रंगारी, प्लंबर यांना चावी दिली तर तीही वहीत नोंदवावी आणि त्याच दिवशी संध्याकाळी परत घ्यावी. “उद्या पण काम आहे, राहू द्या माझ्याकडे” हे मान्य करू नये. घर रिकामे असते तेव्हाच चावी सर्वांत जास्त हातांतून फिरते, आणि पुढे चोरी झाली तर संशय मात्र घर सांभाळणाऱ्यावर येतो.

चाव्यांचा फोटो काढून व्हॉट्सॲपवर पाठवण्याची सवय आता पसरली आहे. मोजणीचा पुरावा म्हणून सगळ्या चाव्या मुठीत धरून, दाते झाकून फोटो काढायला हरकत नाही. दाते स्पष्ट दिसणाऱ्या फोटोवरून मात्र कुशल कारागीर चावी घडवू शकतो. असा फोटो ग्रुपवर टाकणे म्हणजे चावीच वाटणे होय.

मालकाची बंद खोली आणि देवघर

गावातले घर भाड्याने देताना मालक पुष्कळदा एक खोली स्वतःकडे ठेवतो. तिच्यात जुनी कपाटे, भांडी, धान्याची कणगी, आईवडिलांचे सामान असते. यात्रेला, गणपतीला, दिवाळीला कुटुंब येते तेव्हा तीच खोली उघडते. काही घरांत देवघरही याच भागात असते आणि भावकीतली एखादी बाई रोज येऊन दिवा लावते. शहरातल्या छापील करारांत या गोष्टीला जागाच नसते आणि इथल्या तक्रारींत तीच पुढे येते. संध्याकाळी भाडेकरू जेवायला बसलेला असतो आणि चावी फिरवून कोणीतरी घरात येते. येणारीच्या मनात काही वाईट नसते, पण आत राहणाऱ्या नव्या सुनेला किंवा एकट्या शिक्षिकेला ते सहन होत नाही. आणि तिने का सहन करावे?

यावर उपाय घर देण्याआधीच करावा लागतो. बंद खोलीला बाहेरून, अंगणातून किंवा ओट्यावरून वेगळे दार असेल तर आतले दार कायमचे कडी लावून बंद करावे आणि बाहेरच्या दाराची चावी मालकाच्या माणसाकडे ठेवावी. वेगळे दार नसेल तर देव दुसऱ्या जागी हलवावेत, किंवा दिवा लावायची वेळ आणि येणाऱ्या व्यक्तीचे नाव करारात लिहून भाडेकरूची संमती घ्यावी. ही संमती भाडे ठरण्यापूर्वी मागावी. सामान लावून झाल्यावर विचारलेल्या प्रश्नाला भाडेकरू मोकळेपणाने नाही म्हणू शकत नाही.

बंद खोलीची चावी भाडेकरूकडे “असू द्या, काही लागलं तर” म्हणून ठेवू नये. पुढे एखादी वस्तू सापडली नाही तर दोघांच्याही मनात कायमची अढी बसते. खोलीच्या दारावर मालक आणि भाडेकरू दोघांच्या सह्यांची कागदी पट्टी चिकटवली की प्रश्न मिटतो.

मालकाचे कुटुंब सणाला येते तेव्हा ते फक्त राखून ठेवलेली खोली वापरू शकते. भाड्याने दिलेले स्वयंपाकघर आणि न्हाणीघर त्या चार दिवसांत वापरायचे असेल, तर तेही आधी ठरलेले असावे.

भाडेकरू बदलला की कुलूप बदलावे

जुन्या भाडेकरूने चाव्या परत केल्या म्हणजे सगळ्या चाव्या परत आल्या असे होत नाही. वर्षभरात किती जोडचाव्या काढल्या गेल्या याचा हिशोब कोणाकडेच नसतो. म्हणून नवा भाडेकरू येण्यापूर्वी निदान मुख्य दाराचे कुलूप बदलावे. हा खर्च मालकाचा आहे.

कडी-कोयंड्याला लावायचे कुलूप असेल तर नवे आणणे सोपे. जास्त लिव्हरचे कुलूप घ्यावे, कारण लिव्हर जितके जास्त तितके दुसऱ्या चावीने ते उघडणे अवघड. अगदी स्वस्त कुलपांत एकाची चावी दुसऱ्याला लागते असे आढळते. एकदम दहा कुलपे घेतली तर प्रत्येक चावी इतर नऊ कुलपांत फिरवून पाहावी. दारात बसवलेला लॅच असेल तर अख्खा लॅच बदलायची गरज नसते. त्याचे सिलिंडर वेगळे मिळते आणि सुतार ते थोड्या वेळात बसवून देतो.

चाळीतल्या खोल्यांची कुलपे आपसांत फिरवायची, म्हणजे तिसऱ्या खोलीचे सातव्या खोलीला लावायचे, अशी काटकसर काही जण करतात. एकाच चाळीत ती करू नये. जुना भाडेकरू गावातच राहत असेल तर त्याच्या खिशातली चावी कुठल्यातरी दाराला लागतेच. सगळ्या खोल्यांना चालणारी मास्टर चावीही दहा-पंधरा खोल्यांच्या चाळीसाठी नको. ती हरवली तर एका रात्रीत सगळी कुलपे बदलावी लागतात.

कुलूप नीट चालत राहण्यासाठी त्यात खाद्यतेल घालू नये. निरगुडसरच्या बाजूला धूळ फार, तेलाला ती चिकटते आणि लिव्हर अडकतात. शिसपेन्सिलीची बारीक पूड किंवा ग्रॅफाइट चावीच्या दात्यांना लावून चार वेळा फिरवावी. पावसाळ्यापूर्वी हे एकदा केले की चावी कुलपात तुटण्याचे प्रसंग कमी होतात.

जादा चावी सीलबंद पाकिटात

घर सांभाळणाऱ्याने जादा चावी ठेवावी, पण भाडेकरूच्या माहितीने आणि सीलबंद. पद्धत अशी: चावी जाड पाकिटात घालून पाकीट चिकटवावे, जोडावर भाडेकरूने अशी सही करावी की अर्धी झाकणावर आणि अर्धी पाकिटावर येईल, सहीवर पारदर्शक चिकटपट्टी लावावी आणि तारीख घालावी. पाकीट फोडले तर लगेच कळते. भाडेकरूला कधीही येऊन पाकीट पाहता यावे. ते फोडावे लागले तर त्याच दिवशी कारण वहीत लिहून नवे पाकीट करावे.

भाडेकरूने स्वतःचे कुलूप लावण्यास करारात मनाई नसेल तर त्यात काही गैर नाही. एकट्या राहणाऱ्या स्त्रीने तसे केले तर मालकाने त्याचा राग मानू नये. नव्या कुलपाची एक चावी अशाच सीलबंद पाकिटात ठेवण्याची विनंती मालकाने करावी. काढलेले जुने कुलूप जपून ठेवून घर सोडताना परत लावणे ही भाडेकरूची जबाबदारी.

पाकीट कुठे ठेवायचे हेही विचार करून ठरवावे. जुन्नर वनविभागात जुन्नर, आंबेगाव, खेड आणि शिरूर हे तालुके येतात आणि उसाच्या शेतांत बिबट्याचा वावर असतो. रात्रपाळीवरून परतलेल्या माणसाला जादा चावीसाठी उसाच्या कडेने मळ्यातल्या वस्तीवर जावे लागेल अशी सोय करू नये. पाकीट गावठाणात, दिव्याखालच्या रस्त्यावर आणि रात्री दार उघडणाऱ्या घरी असावे.

आत कधी जाता येते

पाहणी, दुरुस्ती किंवा नव्या भाडेकरूला घर दाखवणे यासाठी आत जायचे असेल तर आधी कळवावे. केंद्राने २०२१ मध्ये राज्यांसाठी आदर्श भाडेकरू अधिनियमाचा नमुना मंजूर केला. त्यात प्रवेशापूर्वी किमान २४ तास लेखी किंवा इलेक्ट्रॉनिक सूचना देण्याची तरतूद आहे. हा नमुना राज्याने स्वीकारल्याशिवाय लागू होत नाही, पण एक दिवस आधी कळवण्याची अट करारात घालायला कोणाचीच आडकाठी नाही. तारीख, वेळ, कारण आणि येणाऱ्याचे नाव एवढे संदेशात असावे. भाडेकरू घरी असतानाची वेळ ठरवावी. तो नसताना जाणे अपरिहार्य असेल तर त्याचा लेखी होकार आल्यावरच, आणि सोबत दुसरा माणूस घेऊन जावे.

सूचनेविना पाकीट फोडण्याजोगे प्रसंग मोजके आहेत:

- गॅसचा वास. विजेचे कोणतेही बटण चालू किंवा बंद करू नका, बेलही वाजवू नका. दारे-खिडक्या उघडा, रेग्युलेटर बंद करा आणि बाहेर येऊन १९०६ या गॅस गळतीच्या क्रमांकावर फोन करा.
- आग, शॉर्टसर्किट. मीटरजवळचा मुख्य स्विच बाहेरून बंद करता येत असेल तर आधी तो बंद करा आणि ११२ ला फोन करा.
- पाणी. नळ किंवा पाइप फुटून पाणी खालच्या खोलीत जात असेल आणि बाहेरून बंद करता येत नसेल.
- आतला माणूस प्रतिसाद देत नाही. आधी ११२ ला फोन करा, शेजारच्या दोघांना बोलवा, मगच दार उघडा.

यांपैकी काही घडले तर भाडेकरूला लगेच फोन करावा, आत काय पाहिले आणि कशाला हात लावला ते त्याच दिवशी कळवावे. भाडे मागणे, वीजबिल पाहणे, किती माणसे राहतात ते मोजणे, मालकाचे जुने सामान काढणे ही तातडीची कारणे नाहीत. घाबरवण्याच्या, अपमान करण्याच्या किंवा त्रास देण्याच्या हेतूने दुसऱ्याच्या ताब्यातल्या घरात शिरणे हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ३२९ खाली गृह-अतिक्रमणाचा गुन्हा ठरू शकतो. चावी मालकाने दिली होती, एवढे सांगून सुटका होत नाही.

विद्यार्थ्यांच्या आणि कामगारांच्या खोल्या

अवसरी-मंचर परिसरातल्या खोल्यांत चौघे विद्यार्थी आणि एक कुलूप असा मामला असतो. मग चावी चौकटीच्या वर, बुटात, मीटरच्या पेटीत किंवा तुळशीच्या कुंडीखाली जाते. या चारही जागा साऱ्या गावाला ठाऊक असतात. जितके रहिवासी तितक्या चाव्या मालकाने स्वतः करून द्याव्यात आणि प्रत्येकाची वेगळी सही घ्यावी. चार जोडचाव्यांचा खर्च एका चोरीला गेलेल्या लॅपटॉपपुढे काहीच नाही. चौघांतला एक सत्राच्या मध्येच खोली सोडून गेला तर त्याची चावी त्याच्याकडूनच घ्यावी; खोलीतल्या मित्राकडे ठेवून तो गेला, हे पुरेसे नाही. मुलींच्या खोल्यांची जादा चावी शक्यतो घरातल्या बाईकडे असावी आणि ती कोणाकडे आहे हे मुलींना व त्यांच्या पालकांना सांगितलेले असावे.

गळीत हंगामापुरत्या येणाऱ्या कामगारांच्या खोल्यांत माणसे बदलत राहतात. तिथे चावी मुकादमाच्या नावावर देण्याऐवजी खोलीत प्रत्यक्ष राहणाऱ्याच्या नावावर द्यावी.

नंबरचे लॉक

भीमाशंकरच्या वाटेवर आणि जुन्नरकडे पर्यटकांना दिवस-दोन दिवसांसाठी घरे देणाऱ्यांनी नंबरचे लॉक बसवायला सुरुवात केली आहे. पाहुणा बदलला की नंबर बदलायचा, चावीची देवघेव नको, ही खरी सोय आहे. मात्र फक्त मोबाइल ॲपवर चालणारे लॉक डोंगराकडच्या भागात घेऊ नये, कारण रेंज सगळीकडे मिळत नाही. बटणांवर चालणारे, सेल उतरले तर बाहेरून वीज देता येईल असे आणि सोबत साधी चावीही असलेले लॉक घ्यावे. वर्षाच्या भाडेकरूला असे लॉक दिले तर नंबर ठरवण्याचा हक्क त्याचाच असावा. मालकाकडचा मुख्य नंबर सीलबंद पाकिटातल्या चावीसारखाच वागवावा.

चावी हरवली तर

भाडेकरूने त्याच दिवशी कळवावे. चावी कुठे हरवली यावर पुढचे ठरते. विहिरीत किंवा कालव्यात पडली तर जोडचावी पुरते. एसटीत, बाजारात, किंवा पत्ता लिहिलेल्या पिशवीसह गेली तर कुलूपच बदलावे. खर्च भाडेकरूचा, पण बिलाएवढाच. हजार-दोन हजारांचा दंड अनामतीतून परस्पर कापणे करारात तसे नसेल तर योग्य नाही. कुलूप आपोआप झिजून चावी तुटली तर तो खर्च मालकाचा.

कारागिराकडून कुलूप उघडून घ्यायचे तर भाडेकरू स्वतः हजर असावा. घर सांभाळणाऱ्याने फोनवरच्या “मी इथला भाडेकरू बोलतोय” एवढ्या शब्दावर कोणासाठीही दार उघडू नये.

भाडे थकले, किंवा भाडेकरू कुलूप लावून गेला

भाडे थकल्यावर भाडेकरूच्या कुलपावर आपले कुलूप लावणे, त्याचे कुलूप तोडून सामान ओट्यावर काढणे, वीज-पाणी तोडणे यांपैकी काहीही मालकाने करू नये आणि घर सांभाळणाऱ्याने त्याच्या सांगण्यावरूनही करू नये. कायदेशीर मार्गाशिवाय ताब्यातून काढलेल्या व्यक्तीला विशिष्ट अनुतोष अधिनियम, १९६३ च्या कलम ६ नुसार सहा महिन्यांच्या आत ताबा परत मागण्याचा दावा लावता येतो, आणि त्या दाव्यात मालकी कोणाची हा प्रश्न आड येत नाही. बाहेरून कुलूप लागलेले आढळल्यास भाडेकरूने कुलपाचा फोटो काढावा, ११२ ला किंवा पोलीस ठाण्यात कळवावे, लेखी तक्रारीची पोच घ्यावी आणि स्वतः ते कुलूप तोडू नये. स्त्रिया, अनुसूचित जाती-जमातींतील व्यक्ती, औद्योगिक कामगार आणि मर्यादित उत्पन्नाचे नागरिक यांना तालुका विधी सेवा समितीकडून मोफत वकील मिळू शकतो. १५१०० हा त्यासाठीचा राष्ट्रीय मदत क्रमांक आहे.

मालकासाठीही मार्ग आहे: थकबाकीची लेखी नोटीस, मग वकिलामार्फत नोटीस आणि मग न्यायालय. १९९९ च्या अधिनियमाखालच्या लिव्ह अँड लायसन्स कराराची मुदत संपूनही घर सोडले नाही तर सक्षम प्राधिकाऱ्याकडे अर्ज करता येतो आणि दुप्पट भरपाई मागता येते. भाडेकरू महिनोन्‌महिने बेपत्ता असेल तर करारातल्या पत्त्यावर पत्र पाठवावे, नातेवाइकांना कळवावे आणि पोलीस ठाण्यात माहिती द्यावी. पंच बोलावून कुलूप तोडले की झाले, हा समज चुकीचा आहे. पंचनाम्याने ताबा मिळत नाही.

भावकीत वाद सुरू झाला तर

वडील वारले, तिघा भावांची नावे उताऱ्यावर लागली आणि तिघेही घर सांभाळणाऱ्याकडे चावी मागू लागले, असे प्रसंग दर गावात आहेत. अशा वेळी त्याने बाजू घेऊ नये. घरात भाडेकरू असेल तर त्याच्या ताब्यातल्या भागाची चावी कोणत्याही भावाला देऊ नये. वारस बदलले म्हणून भाडेकरूचा हक्क संपत नाही. रिकाम्या घराची किंवा बंद खोलीची चावी सर्व वारसांच्या लेखी संमतीने किंवा न्यायालयाच्या आदेशाने द्यावी. तोपर्यंत ती पाकिटात घालून सर्वांच्या सह्या घ्याव्यात आणि प्रत्येकाला एकच मजकूर पाठवावा: चावी माझ्याकडे सुरक्षित आहे, सर्वांचे एकमत झाल्यावर देईन. भाडे कोणाला द्यायचे हा भाडेकरूचा प्रश्नही तेव्हाच निघतो. त्यानेही वारसांकडून लेखी मागावे आणि पावतीशिवाय रोख रक्कम कोणाच्या हाती देऊ नये.

घर सोडताना

चावी परत देणे हा ताबा परत दिल्याचा सर्वांत स्पष्ट पुरावा आहे. म्हणून ती घाईत, टेम्पो निघता निघता, मुलाच्या हाती पाठवू नये. भाडेकरू आणि मालकाचा माणूस दोघांनी मिळून घर पाहावे, वीज मीटरचा आकडा लिहावा, प्रत्येक चावी नोंदवहीतल्या ओळीशी जुळवावी, सीलबंद पाकीट समोर फोडून ती चावीही मोजावी. त्यानंतर दोन प्रतींत ताबा पावती करावी. पावतीवर दिनांक, वेळ, परत मिळालेल्या चाव्यांची संख्या, अनामतीतून काय वजा केले आणि उरलेली रक्कम कधी मिळणार, एवढे असावे. चावी आणि अनामत यांची देवघेव एकाच बैठकीत झाली तर उत्तम.

मालक किंवा त्याचा माणूस चावी घ्यायला टाळाटाळ करत असेल, जेणेकरून आणखी महिन्याचे भाडे लागावे, तर भाडेकरूने अमुक दिवशी, अमुक वेळी चावी देण्यास तयार आहोत असे व्हॉट्सॲपवर आणि पोचपावतीसह स्पीड पोस्टाने कळवावे. त्या वेळी दोन साक्षीदारांसह रिकाम्या घराचे चित्रीकरण करावे. चावी मात्र टपालात घालू नये, दाराच्या फटीतून आत टाकू नये किंवा शेजाऱ्याकडे ठेवून जाऊ नये. वकिलामार्फत नोटिशीसोबत ती देऊ करावी.

मुंबईतल्या मालकाला गावी येणे शक्य नसेल तर व्हिडिओ कॉलवर घर दाखवून घर सांभाळणाऱ्याने त्याच्या वतीने पावतीवर सही करावी. त्या अधिकाराचा उल्लेख सुरुवातीच्या अधिकारपत्रात असला म्हणजे झाले. चाव्या मिळाल्या त्याच दिवशी मुख्य दाराला नवे कुलूप लावावे आणि नोंदवहीत जुन्या ओळी रद्द करून नव्या कुलपाच्या चाव्यांची नवी ओळ सुरू करावी.